बकुळाबाईंची भवानी

लालबागच्या मसाल्याच्या गल्लीत बकुळा राऊळ यांच्याइतकं गोड बोलून स्वतःचं नुकसान करून घेणारं दुसरं माणूस नव्हतं. मालवणी मसाल्यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही, हे अख्खी गल्ली मान्य करी. भाव सांगायच्या बाबतीत मात्र शाळकरी पोरसुद्धा त्यांना गुंडाळून जाईल, हेही गल्लीला पाठ होतं.

सगळा घोटाळा त्यांच्या एका वाक्याचा होता. लग्न होऊन देवगडकडून परळच्या चाळीत आल्या तेव्हा त्या विशीच्या होत्या. नवरा लवू बेस्टच्या वर्कशॉपात, पगार बेताचा, घरात खाणारी तोंडं बेताची नव्हती. म्हणून त्यांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांचे मसाले करून द्यायला सुरुवात केली. हळूहळू शिवाजी पार्कच्या मोठमोठ्या घरांतून बोलावणी येऊ लागली. दिवसभर मिरच्यांचे देठ मोडून, मसाला भाजून, शिंका देऊन देऊन नाक लाल झालं की घरची बाई विचारी, "किती द्यायचे, बकुळाबाई?" आणि बकुळाबाई पदराला हात पुसत, हसून म्हणत, "तुम्हीच काय ते समजून द्या."

आता माणूस समजून द्यायला बसला की कमीच समजतो, हा जगाचा नियम आहे. बकुळाबाईंना तो कळत नव्हता असं मुळीच नाही. घरी येताना सगळा रस्ता त्या मनातल्या मनात भांडत येत. पण आपल्या कामाचा भाव आपल्याच तोंडाने सांगणं म्हणजे हावरटपणा, असं त्यांच्या आईने लहानपणी मनावर बिंबवलं होतं, आणि जिभेला ते वळण पडलं ते पडलंच. पुढे लवूच्या फंडाच्या पैशांतून गल्लीत लहानसा गाळा भाड्याने घेतला तेव्हा मुलीने, अनुजाने, पहिलं काम केलं ते भावाची पाटी लावायचं. किलोला नऊशे. पाटी होती म्हणून दुकान चाललं. बाईंना काही बोलावं लागत नसे, नुसतं बोट दाखवलं की झालं.

पाटी किरकोळ गिऱ्हाइकासाठी ठीक होती. घाऊक गिऱ्हाईक पाटी वाचत नाही.

तसं गिऱ्हाईक यंदा मार्चमध्ये आलं. धनेश त्याचं नाव. मुंबईत पंधरावीस दुकानं असलेल्या एका मोठ्या किराणा कंपनीसाठी तो माल खरेदी करायचा. पस्तिशीचा, इस्त्रीच्या शर्टातला, बोलायला लाघवी. मूळचा गिरगावचा, आजोबांचं ठाकूरद्वारला उदबत्ती-कापराचं दुकान होतं, हेही त्याने पहिल्या दोन मिनिटांत सांगून टाकलं. मसाला हातावर घेऊन हुंगला, जिभेवर ठेवला, डोळे मिटले. मग म्हणाला, "काकी, मला दर महिन्याला पाचशे किलो लागेल. बारा महिने. बोला, काय दर लावताय?"

गाळ्याच्या मागच्या बाजूला शांता आणि तीन बायका मिरच्या निवडत बसल्या होत्या. त्यांचे हात थांबले. बारा महिने हा शब्द त्यांच्यापैकी कोणी या गाळ्यात कधी ऐकला नव्हता. मसाल्याचा धंदा उन्हाळ्याचा. जून लागला की गल्ली ओस पडते आणि या चौघी दिवाळीपर्यंत घरी बसतात. नायगावच्या बीडीडी चाळीतल्या शांताने तर यंदा सांगूनच टाकलं होतं, "ताई, या जूनला घरी बसले तर मी दुसरीकडे झाडूपोछाचं काम धरीन. मग परत नाही यायची." शांता गेली असती तर मसाल्याचा अर्धा जीव गेला असता. मिरची किती भाजायची हे बकुळाबाई नाकाने ओळखत आणि शांता आवाजाने.

एवढं सगळं त्या एका शब्दावर टांगलेलं होतं. आणि बकुळाबाईंनी काय करावं? पदराला हात पुसले, हसल्या आणि म्हणाल्या, "तुम्हीच काय ते समजून सांगा."

धनेशने पापणीही न हलवता सांगितलं, "पाचशे ऐंशी."

मागे शांताने कपाळावर हात मारला तो पुढे ऐकू आला. सुदैव एवढंच, की त्याच वेळी दुसरं गिऱ्हाईक आलं आणि "घरात विचारून सांगते" एवढं म्हणून बाई सुटल्या.

रविवारी दुपारी, जेवणं झाल्यावर, घरात खटला उभा राहिला. अनुजा लोअर परळच्या एका विमा कंपनीत होती. तिथे चार वर्षांत तिने दोनदा स्वतःचा पगार भांडून वाढवून घेतला होता, त्यामुळे या विषयात तिचा शब्द घरात मोठा होता. लवूंनी आरामखुर्चीतून आपलं मत आधीच देऊन ठेवलं. "पाचशे ऐंशी काय वायट नाय. म्हयन्याक पाचशे किलो! घेऊन टाक गो."

"बाबा, तुम्ही झोपा," अनुजा म्हणाली. "आई, एक किलोला खर्च किती येतो ते सांग."

बकुळाबाईंनी तोंडी हिशेब घडाघडा सांगितला. मिरची, धणे, खडा मसाला, तेल, गॅस, डंकावर कुटून घ्यायची मजुरी, पिशवी, टेम्पो. चारशे पंच्याण्णव. चौघींची मजुरी किलोमागे ऐंशी. "झाले पाचशे पंच्याहत्तर," त्या विजयी मुद्रेने म्हणाल्या. "बघ, पाच रुपये सुटतायत की!"

"आणि तुझी मजुरी?"

"माझी कसली मजुरी? माझंच तर दुकान."

अनुजा मोबाइलवर आकडे मारत होती, तिची बोटं थांबली. "आई, तू सकाळी आठला जातेस, संध्याकाळी सातला येतेस. पाठ धरते म्हणून रोज बाम चोळून घेतेस माझ्याकडून. ते काय हौस म्हणून? आणि गाळ्याचं भाडं? ते कुठून देणार, पाच रुपयांतून?"

सगळ्यांचे पैसे धरले, मिरच्या कुटणाऱ्या यंत्राचेसुद्धा धरले, आणि आपण स्वतः हिशेबात कुठेच नाही, हे बकुळाबाईंच्या आज पहिल्यांदा लक्षात आलं. त्यांना राग आला. धनेशचा नाही, लेकीचा तर नाहीच. शिवाजी पार्कच्या त्या सगळ्या समजून देणाऱ्या बायकांचा आणि त्यांच्यापुढे हसणाऱ्या स्वतःचा. तो राग बरा होता, त्याने हिशेब नीट झाला. भाडं, वीज, बाईंचा रोज, चौघींना रोजाला पन्नास रुपये वाढ, मिरची महागली तर थोडी गाठीला. आकडा आला सहाशे नव्वद.

"हा तुझ्या पोटातला आकडा," अनुजा म्हणाली. "याच्या खाली भाव गेला तर नमस्कार करून उठायचं. पण हा तोंडावर आणायचा नाही. तोंडावर सातशे ऐंशी."

"अगो बाई! एवढे? तो पळून जाईल ना!"

"तो किती वेळा आला आतापर्यंत?"

"तीनदा. भाव सांगून गेल्यावरही दोनदा नमुना न्यायला आला. शेवटी म्हणाला, त्यांच्या मोठ्या साहेबांनी आपल्या मसाल्याचं कालवण दोनदा मागून खाल्लं."

"मग? जो तीनदा येतो त्याला गरज असते. नसती तर एक फोन केला असता. म्हण बघू, सातशे ऐंशी."

बकुळाबाईंनी तोंड उघडलं. "सातशे... म्हणजे तसं तुम्हाला परवडेल असं बघा, पण सातशे ऐंशीच्या आसपास..."

आरामखुर्चीतून लवू खो खो हसले. "तुका नाय जमाचा ह्या!" मग अनुजाने आईला सगळी दुपार त्याच वाक्यावर बसवलं. आकडा सांगायचा, त्याला पुढे शेपूट लावायचं नाही, आणि सांगून झाल्यावर तोंड बंद ठेवायचं. तोंड बंद ठेवणं सगळ्यात अवघड गेलं. समोरचा माणूस गप्प बसला की त्याला काहीतरी खायला घालावं किंवा काहीतरी कमी करून द्यावं, असंच बाईंना वाटे. पण संध्याकाळपर्यंत त्या सातशे ऐंशी हा आकडा चहाला या म्हणावं इतक्या सहज म्हणू लागल्या.

बुधवारी अकरा वाजता धनेश येणार होता. अनुजा रजा घेऊन शेजारी बसणार होती. सगळं ठरलं होतं.

आणि धनेश आला सकाळी साडेआठला.

बाई नुकतंच शटर वर करून दिवा लावत होत्या. शांता आत केर काढत होती. अनुजा घरी, अजून आंघोळही झाली नसेल तिची. "काकी, मुद्दाम लवकर आलो," धनेश हसत म्हणाला. त्याने खिशातून पाचशेची एक आणि शंभराची एक नोट काढून काट्यावर ठेवली. "आज भवानी माझ्या हातची होऊ दे. हे टोकन. पाचशे किलो, दर पाचशे ऐंशी. पहिल्या गिऱ्हाइकाला लालबागात कोणी परत पाठवत नाही, हे आजोबांनी शिकवलंय मला."

मेल्याने बरोबर नस दाबली होती. दिवसातली पहिली विक्री म्हणजे भवानी. ती मोडली, पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत गेलं, की दिवस फुकट, असं गल्लीतला प्रत्येक दुकानदार मानतो. बकुळाबाई तर इतक्या मानत, की काही चतुर बायका मुद्दाम शटर उघडायच्या वेळेला येऊन नऊशेचा मसाला साडेसातशेला नेत. दुकान घेतल्यापासून त्यांनी एकदाही भवानी परतवलेली नव्हती. ती त्यांची भीती नव्हती, श्रद्धा होती. आणि धनेशलाही ती पुरती ठाऊक होती.

हो म्हटलं तर चौघींच्या वाढीवर पाणी, स्वतःचा रोज पुन्हा शून्य. नाही म्हटलं तर पहिल्या गिऱ्हाइकाला, तेही दिवा लावता लावता, परत पाठवायचं. आत शांता केरसुणी धरून तशीच उभी होती. तिचा चेहरा बघवत नव्हता. एक क्षण बाईंच्या ओठांवर ते जुनं हसू आलंसुद्धा.

पण मग त्यांची नजर काट्यावरच्या नोटांवर गेली, आणि त्यांना एकदम मजा वाटली. भवानीचा मान ठेवायचा म्हणजे पहिल्या गिऱ्हाइकाला माल द्यायचा, तो मागेल त्या भावाने द्यायचा. पण किती द्यायचा, हे कुठल्या देवाने ठरवून दिलंय?

त्यांनी दोन्ही नोटा उचलल्या, डोळ्यांना लावल्या, गल्ल्यात टाकल्या. गल्ल्यातून विसाची नोट काढून धनेशच्या हातावर ठेवली. मग मसाल्याची एक किलोची पिशवी शांतपणे त्याच्यापुढे सरकवली.

"हे काय, काकी?"

"तुमची भवानी झाली. एक किलो, पाचशे ऐंशी रुपये. देवाच्या नावाने तुमचा मान राखला हो मी. आता पाचशे किलोचं बोलायचं तर स्टूल घ्या आणि बसा." बाईंनी एक श्वास घेतला. "सातशे ऐंशी."

आणि तोंड बंद केलं.

धनेश पिशवीकडे बघत राहिला. मग बाईंकडे. मग पुन्हा पिशवीकडे. काहीतरी बोलावं, चहा सांगावा, निदान आजोबांची चौकशी करावी, असं बाईंना शंभरदा वाटलं. त्यांनी मिरच्यांनी भरलेलं सूप पुढ्यात ओढलं आणि देठ मोडायला घेतले. समोरचा फुटाणेवाला दुकान लावता लावता थांबून तमाशा बघत होता.

शेवटी धनेशच बोलला. "काकी, दादरला एक बाई सहाशेला द्यायला तयार आहेत."

"मग त्यांच्याकडे जावा. लवकर गेलात तर त्यांचीही भवानी मिळेल."

फुटाणेवाला मोठ्याने हसला. धनेशलाही हसू आवरेना. तो स्टूल ओढून बसला, म्हणजे खराखुरा बसला. "सहाशे वीस."

बाई देठ मोडत राहिल्या.

"सहाशे साठ. काकी, हे माझं शेवटचं. याच्यावर मला वरून परवानगीच नाही."

सहाशे साठ! रविवारपूर्वी हा आकडा ऐकला असता तर बकुळाबाईंनी धनेशला ओवाळलं असतं. पण पोटातला आकडा सहाशे नव्वद होता. त्या म्हणाल्या, "साडेसातशे. तुमच्यासाठी तीस कमी केले. आणि एक सांगा, पैसे कधी देणार?"

"कंपनीचा नियम आहे, तीन महिन्यांनी."

"माझ्या बायकांना भूक रोज लागते, भाऊ. माल पोचला की पंधरा दिवसांत."

"ते नाही जमायचं."

"मग सातशे ऐंशी आणि तुमचे तीन महिने."

हे मात्र अनुजाने शिकवलेलं नव्हतं. हे बाईंना कुठून सुचलं देव जाणे, पण सुचलं आणि तोंडातून बाहेर पडलं, तेही कुठलीही शेपटी न लावता. धनेशने मान हलवली, मोबाइल काढला आणि गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. तिथून त्याचे हातवारे तेवढे दिसत होते. शांता बाहेर येऊन बाईंच्या मागे उभी राहिली होती.

परवानगी नसलेला धनेश परवानगी घेऊन परत आला. "सातशे वीस. पंधरा दिवसांत पैसे. याच्या पुढे माझी नोकरी जाईल, काकी, खरंच."

बकुळाबाईंनी पाहिलं, या वेळी पोरगा खरं बोलत होता. घासाघीस करता करता माणसाचा चेहरा एका ठिकाणी येऊन थकतो, तो थकलेला होता. त्याला आणखी ताणण्यात शोभा नव्हती. पण मिरचीचा सीझन चालू होता, आणि जूनपासूनचा माल करायचा तर पोती आत्ताच भरून ठेवायला हवी होती.

"सातशे वीस कबूल," त्या म्हणाल्या. "पण पहिल्या महिन्याचे निम्मे पैसे आधी. मिरची घ्यायला."

धनेशने हात जोडले. "दिले. काकी, माझ्या आजोबांना तुम्ही भेटायला हव्या होतात. त्यांनी तुम्हाला दुकानात पगारावर ठेवलं असतं."

"पगार मी सांगितला असता," बकुळाबाई म्हणाल्या, आणि त्याच्यासाठी चहा मागवला. आता मागवायला हरकत नव्हती.

धनेश गेला तो भवानीची पिशवी बगलेत मारूनच गेला. गल्लीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. फुटाणेवाल्याने तर येणाऱ्याजाणाऱ्याला ती सगळी हकीकत हातवाऱ्यांसकट करून दाखवली. बातमी घरी पोचून अनुजा धापा टाकत आली तोवर तिची आई गाळ्याच्या मधोमध कमरेवर हात ठेवून उभी होती. लेकीला सगळं सांगताना बकुळाबाई हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या, आणि मिरचीचा हात डोळ्याला लागल्यामुळे आणखी पाणी येत होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी आपल्या हातच्या कामाचा भाव स्वतः सांगितला होता आणि जगाने तो दिला होता. इतका आनंद त्यांना लेकीच्या नोकरीच्या दिवशीही झाला नव्हता, आणि हे त्यांनी लेकीला तोंडावर सांगितलं.

बाकीच्या तिघी कामावर आल्या. शांताने त्यांना सगळं सांगितलं. आत थोडी कुजबुज झाली. मग शांता पदर खोचून पुढे आली.

"ताई, आमचं काय?"

"तुमचं म्हणजे? मी आधीच धरलंय गं. चारशेचे साडेचारशे करणार आहे रोजाचे. आणि जूनमध्ये कोणी घरी बसायचं नाही."

बकुळाबाईंना वाटलं होतं, शांता आता पाया पडेल. शांताने मान हलवली. "साडेपाचशे."

"काय?"

"साडेपाचशे रोज."

अनुजा तोंडावर हात ठेवून बाजूला वळली. बकुळाबाईंनी मनात भराभर गणित मांडलं. पोटातल्या आकड्यावर किलोमागे तीस रुपये सुटत होते. साडेपाचशे दिले तर त्यातले वीस इकडेच जाणार. "शांते, पाचशे देते. एकदम शंभर वाढले, कमी आहे का?"

"सातशे वीस मिळाले तुम्हाला, ताई. माझ्या समोर मिळाले. मी मागे उभी होते."

बकुळाबाईंनी अनुजाकडे पाहिलं, अनुजा मदतीला येईना. शांता जागची हलली नाही. नवरा गेल्यापासून मिळेल ते मुकाट्याने घेऊन, मान खाली घालून घरी जाणारी ही बाई आज नजरेला नजर भिडवून उभी होती. बकुळाबाई तिच्याकडे बघत राहिल्या आणि त्यांना हसू फुटलं. आपल्याच दुकानात, आपल्याच माणसाकडून, असं सपशेल हरायला इतकं बरं वाटेल, हे त्यांना कोणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं.

"बरं बाई, साडेपाचशे. उद्यापासून."

"आजपासून," शांता म्हणाली.

"आजपासून," बकुळाबाई म्हणाल्या.